लिंकनचं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र बाजूला ठेवलं तर उरतो काय?

बाबांची_धावपळ

मंडळी, जरा मदत करा. लेक सातवीत आहे, शाळेत "मला आवडलेला नेता" यावर पाच मिनिटं बोलायचंय आणि बाईसाहेबांनी अब्राहम लिंकन घेतलाय. कारण काय, तर गावच्या घरी माजघरात ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र फ्रेम करून लावलंय, आमचे आजोबा शिक्षक होते, रिटायर झाले तेव्हा कोणीतरी भेट दिलेलं. मी पण लहानपणापासून दर सुट्टीत तेच वाचत आलो, अर्धं पाठ आहे.

काल रात्री मुद्दे काढायला बसलो आणि दहा मिनिटात कळलं की ते पत्र लिंकनचं नाहीच म्हणे! आता लेकीला सांगितलं तर तिचं तोंड एवढंसं झालं. मग शोधायला गेलो तर एकजण म्हणतो देवमाणूस, दुसरा म्हणतो गुलामांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, देश टिकवायला केलं सगळं, तिसरा म्हणतो हुकूमशहा होता, लोकांना विनाचौकशी आत टाकलं. डोकं आउट झालं. गरिबीत जन्म, लाकडाची झोपडी, निवडणुका हरला, थिएटरात गोळी घातली, एवढं आम्हाला पण माहितीये हो, सगळ्या निबंधात असतं. मला हे सांगा की युद्धाच्या त्या चार वर्षात हा माणूस खुर्चीत बसून नक्की करत काय होता? आणि सातवीतल्या पोरीला सांगता येईल असं काही. शुक्रवारी भाषण आहे.

रात्रपाळी

दादा, पत्राचं आधी संपवू. ते त्याच्या कागदपत्रांत कुठेच नाही आणि हिशोबही जुळत नाही. चार मुलं होती. एडी चार वर्षांचा व्हायच्या आतच १८५० मध्ये गेला. रॉबर्ट थोरला, बाप प्रेसिडेंट झाला तेव्हा हा हार्वर्डला. विली १८६२ च्या फेब्रुवारीत व्हाइट हाउसमध्येच तापाने गेला, अकरा वर्षांचा होता. आणि धाकटा टॅड, तो तर त्या काळात शाळेत जातच नव्हता, घरी शिकवायला येणारे मास्तर टिकायचे नाहीत आणि बापाला त्याचं काही वाटायचं नाही. त्यामुळे हेडमास्तरांना गंभीर पत्र लिहिणारा लिंकन जरा अवघडच आहे :)

आता तुमचा प्रश्न, करत काय होता. एका शब्दात सांगायचं तर थांबत होता. म्हणजे हातावर हात ठेवून नव्हे, तवा तापायची वाट बघत.

१८६० ला निवडून आला तो साधारण ४० टक्के मतांवर, दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तर याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. ४ मार्च १८६१ ला शपथ घेतली तोवर सात राज्यं फुटून निघाली होती, १२ एप्रिलला सरकारच्या फोर्ट समटर किल्ल्यावर त्यांच्या तोफा सुरू झाल्या. हाताशी सैन्य किरकोळ. अनुभव म्हणाल तर इलिनॉयच्या विधानसभेत आठ वर्षं, काँग्रेसमध्ये (म्हणजे तिकडच्या संसदेत) दोन वर्षं, बाकी आयुष्य वकिली. असा माणूस मंत्रिमंडळात कोणाला घेतो? तर पक्षाच्या तिकिटासाठी जे जे याच्या विरुद्ध उभे होते त्या सगळ्यांना. सेवर्ड, चेस, बेट्स, कॅमरून. आपल्याकडे असं सरकार सहा महिने टिकणार नाही. यातला चेस खजिन्याचा मंत्री, तो तर आतून स्वतःच्याच १८६४ च्या उमेदवारीची तयारी करत होता, सारखा राजीनामा पुढे करायचा. शेवटी एकदा लिंकनने तो घेतलाच, आणि वर त्याच वर्षाअखेर त्याला सुप्रीम कोर्टाचा चीफ जस्टिस केला!

स्टँटनचं तर अजून भारी. १८५५ मध्ये सिनसिनाटीला कापणी यंत्राच्या पेटंटची मोठी केस होती, त्यात लिंकनला वकील म्हणून बोलावलं आणि तिथे गेल्यावर मोठ्या शहरी वकिलांनी त्याला टेबलाशी बसवूनही घेतलं नाही, खेडवळ दिसतो म्हणून. स्टँटन त्यातलाच एक. लिंकनने आठवडाभर मागे प्रेक्षकांत बसून कामकाज ऐकलं. आणि सात वर्षांनी त्याच स्टँटनला युद्धमंत्री नेमला, कारण काम करणारा माणूस होता. दुसऱ्या कोणी डूख धरला असता.

मॅक्लेलनचा किस्सा पोरीला नक्की सांगा, तो खाली लिहितो, आत्ता कामावर हाक आली.

रात्रपाळी

हां, आलो. जॉर्ज मॅक्लेलन, वय चौतीस, युनियनचा, म्हणजे उत्तरेच्या बाजूचा, मुख्य सेनापती, अतिशय रुबाबदार, सैनिकांचा लाडका, कवायत अशी घ्यायचा की बघत राहावं, फक्त लढाई करायचा नाही. नोव्हेंबर १८६१ मध्ये एका रात्री लिंकन, सेवर्ड आणि लिंकनचा तरुण सेक्रेटरी जॉन हे (आडनावच 'हे') असे तिघे त्याच्या घरी भेटायला गेले. साहेब लग्नाला गेलेत म्हणे. हे बसले वाट बघत. तासाभराने साहेब आले, नोकराने सांगितलं प्रेसिडेंट बसलेत, ते ऐकून साहेब सरळ जिना चढून वर. अर्ध्या तासाने यांनी पुन्हा निरोप धाडला, तर उत्तर आलं की साहेब झोपले. देशाचा राष्ट्राध्यक्ष खाली दिवाणखान्यात बसलाय आणि हा झोपला! सेक्रेटरी पोरगा रागाने लाल, त्याने डायरीत लिहून ठेवलंय सगळं. लिंकन काय म्हणाला, तर आत्ता मानपानाचे मुद्दे काढायची वेळ नाही.

पण म्हणजे गप्प राहणारा नव्हता हां. पुढच्या वर्षी अँटिटमची लढाई झाली, एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांच्या आसपास मेलेले आणि जखमी. दक्षिणेचा सेनापती ली मागे हटला आणि मॅक्लेलन पाठलाग करायचं सोडून महिनाभर बसून राहिला, वर तार केली की घोडे थकलेत. लिंकनने उलट तार केली, माफ करा पण अँटिटमनंतर तुमच्या घोड्यांनी असं काय केलंय की ते थकावेत? दोन आठवड्यांत सेनापती घरी.

नंतर बर्नसाइड, मग हूकर, मग मीड. हूकर तर बडबडला होता की या देशाला आता हुकूमशहाच हवा. त्याला नेमतानाच लिंकनने पत्रात लिहिलं की तुमचं बोलणं माझ्या कानावर आलंय, त्यामुळे नव्हे तर ते असूनही तुम्हाला नेमतोय. जे सेनापती यश मिळवतात तेच हुकूमशहा होऊ शकतात, तुम्ही आधी यश आणा, हुकूमशाहीची जोखीम मी घेतो. काय उत्तर आहे राव! हे पत्र मात्र शंभर टक्के त्याचंच आहे, फ्रेम करायचीच तर हे करा.

आणि मीडला लिहिलेलं. गेटिसबर्ग जिंकलं जुलै १८६३ मध्ये, पण लीचं सैन्य पोटोमॅक नदी ओलांडून निसटलं. लिंकनचा संताप संताप झाला, त्याने मीडला कडक पत्र लिहिलं की तुमच्या मुठीत होता तो, धरला असता तर युद्ध संपलं असतं, आता ते कधी संपेल सांगता येत नाही. लिहिलं, घडी घातली, पाकिटावर नोंद केली की पाठवलं नाही, सही केली नाही, आणि ठेवून दिलं. मी स्वतः ऑफिसात बॉसला रात्री दोन वाजता मेल टाकून मोकळा होणारा माणूस आहे, त्यामुळे मला हे फार लागतं.

मंकेटोची_मावशी

रात्रपाळी, छान लिहिताय, पण एकतर्फी होतंय. मी मिनेसोटात राहते, बावीस वर्षं झाली. आमच्या इथून जवळ मंकेटो गाव आहे. १८६२ च्या उन्हाळ्यात डकोटा लोकांचा सरकारशी संघर्ष झाला, करारातले पैसे वेळेवर आले नाहीत, लोक उपाशी होते, त्यातून उठाव झाला, शेकडो वस्तीवाले मारले गेले हेही खरं. नंतर लष्करी कोर्टाने ३०३ जणांना फाशी सुनावली. काही खटले अक्षरशः मिनिटांत उरकले, वकील नाही काही नाही. लिंकनने कागद मागवून घेतले, एकेक प्रकरण बघायला लावलं आणि यादी ३९ वर आणली. एकाची शेवटच्या क्षणी सुटली. २६ डिसेंबर १८६२ ला ३८ जणांना एकाच चौथऱ्यावर एकदम फाशी दिली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवशी एवढी फाशी दुसरी नाही.

ती नावांची यादी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. डकोटा नावं, त्याला न कळणाऱ्या भाषेतली, एकेक अक्षर जुळवून, चुकून भलत्याच माणसाला फासावर चढवू नयेत म्हणून. त्या जागी आता छोटा बगीचा आहे, तिथे ती नावं लावलीत. डिसेंबरात गेलात तर तिथला वारा हाडात शिरतो. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळेला मला ठरवता आलं नाही की २६५ वाचवले म्हणून बघायचं की ३८ लटकवले म्हणून.

नंतर म्हणे इथल्या माजी गव्हर्नरने त्याला सुनावलं की जास्त फाशी दिली असतीत तर इथे मतं जास्त मिळाली असती, त्यावर तो म्हणाला की मतांसाठी माणसं लटकवणं मला परवडणारं नव्हतं. ही गोष्ट त्या माजी गव्हर्नरनेच पुढे सांगितलेली आहे.

आणि ऑगस्ट १८६२ मध्ये व्हाइट हाउसला बोलावलेल्या काळ्या लोकांच्या शिष्टमंडळाला त्याने काय सांगितलं तेही सांगा ना. की तुम्ही नि आम्ही वेगळे, एकत्र राहून दोघांचं नुकसान, तुम्ही मध्य अमेरिकेत जाऊन वसाहत करा. गुलामीतून निसटून आलेला काळ्यांचा पुढारी फ्रेडरिक डग्लस किती भडकला होता त्यावर.

कोपरखळी

मावशींना +१. शिवाय मेरीलँडमध्ये हेबियस कॉर्पस, म्हणजे पकडलेल्याला कोर्टापुढे उभं करायची सक्ती, उडवलं, चीफ जस्टिस टॅनीने निकाल दिला की हा अधिकार काँग्रेसचा, तुझा नाही, याने निकाल सरळ गुंडाळून ठेवला. विरोधी पुढारी व्हॅलँडिगमला लष्कराने घरातून उचलला, लिंकनने त्याला सोडलं नाही, शत्रूच्या हद्दीत नेऊन सोडला. आणि गुलामांचं म्हणाल तर त्याने स्वतःच पेपरवाल्या ग्रीलीला पत्र लिहिलंय की एकही गुलाम न सोडता देश वाचत असेल तर तसं करीन. अजून काय पुरावा पाहिजे? त्याने काढलेल्या जाहीरनाम्यातली गुलामांची मुक्ती पण बंडखोर राज्यांपुरतीच, जिथे याचं राज्यच नव्हतं! केंटकी, मेरीलँड, डेलावेअर, मिसुरी इथले गुलाम तसेच. बैल गेला नि झोपा केला.

रात्रपाळी

कोपरखळी, अर्धं वाक्य वाचून पळू नका. ग्रीलीच्या पत्राची तारीख बघा, २२ ऑगस्ट १८६२. आणि मुक्तीचा मसुदा त्याने मंत्रिमंडळाला वाचून दाखवला २२ जुलैला. म्हणजे बरोबर महिनाभर आधी! ग्रीलीला हे लिहीत होता तेव्हा मसुदा तयार होऊन पडला होता. सेवर्ड म्हणाला होता की आत्ता आपण सगळीकडे मार खातोय, आत्ता काढलात तर लोकांना ही बुडत्याची धडपड वाटेल, एखादा विजय मिळू द्या. लिंकनला पटलं. दोन महिने कागद तसाच ठेवला. १७ सप्टेंबरला अँटिटम झालं, निर्विवाद विजय नव्हता पण ली मागे गेला एवढं पुरे होतं, पाचव्या दिवशी जाहीर. दरम्यान ते पत्र म्हणजे काय, तर गुलामांशी घेणंदेणं नसलेल्या उत्तरेतल्या लोकांना आधीच सांगून ठेवणं की उद्या काही केलं तर ते देशासाठी करतोय. राजकारण आहे हो, पक्कं राजकारण.

तो मसुदा लिहिला कसा तेही ऐका. व्हाइट हाउसमध्ये तार यंत्र नव्हतं, ते शेजारी युद्धखात्याच्या इमारतीत. हा रोज चालत तिथे जायचा, कधी रात्रभर तिथेच. तारऑफिसच्या प्रमुखाने पुढे सांगितलंय की त्या उन्हाळ्यात लिंकनने एकदा कोरे कागद मागितले, खिडकीशी बसला, बाहेर कोळ्याचं मोठं जाळं होतं त्याच्याकडे बघत बसायचा, एखादी ओळ लिहायचा, परत बघत बसायचा. उठताना कागद प्रमुखाकडे कुलपात. काही आठवडे असं चाललं आणि मग म्हणाला की हा गुलामांच्या मुक्तीचा हुकूम आहे.

आणि बंडखोर राज्यांपुरताच का? कारण कायद्याने प्रेसिडेंटला गुलामी रद्द करता येतच नव्हती, वकील होता तो. सेनापती या नात्याने शत्रूची ताकद काढून घेता येते, एवढीच फट होती. त्यात चार सीमेवरची राज्यं बिथरली असती तर राजधानीच वेढ्यात गेली असती. त्या जाहीरनाम्यानेच काळ्या लोकांना सैन्यात घेणं सुरू झालं, युद्ध संपेतो जवळजवळ १ लाख ८० हजार. पगार मात्र गोऱ्यांपेक्षा कमी, यावर डग्लस स्वतः येऊन भांडला ऑगस्ट १८६३ मध्ये, आणि तो पगार काँग्रेसने समान करायला पुढचं साल उजाडलं. पक्कं काम झालं तेराव्या घटनादुरुस्तीने, ३१ जानेवारी १८६५ ला प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६.

मावशी, वसाहतीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. तो बदलत गेला एवढंच म्हणतो. ११ एप्रिल १८६५ च्या भाषणात काही काळ्या लोकांना, शिकलेल्यांना आणि सैन्यात लढलेल्यांना, मत मिळावं असं उघड बोलला. समोरच्या गर्दीत त्याला पुढे मारणारा बूथ उभा होता. तीन दिवसांनी गोळी.

कापूसवाला_खानदेश

काय भाऊ, एवढं सगळं लिहिलं आणि आमचा कापूस कोणीच काढला नाही! लिंकनने एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली ना, त्याचा दणका थेट आमच्या शेतात. इंग्लंडच्या गिरण्यांना तीन चतुर्थांशाच्या वर कापूस अमेरिकेतून जायचा, तो आटला, मग खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव. मुंबईत पैसा असा ओतला की काय करावं कळेना, रोज नवी कंपनी, रोज नवी बँक. बॅक बे भरून काढायच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद शेठ तेव्हाचा राजाच, राजाबाई टॉवर उभा आहे ना युनिव्हर्सिटीत, तो त्यांच्या देणगीतला, आईच्या नावाने.

मग एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला, कापसाचा भाव कोसळला, १ जुलैला पुढच्या तारखेचे सौदे फेडायचे होते, धडाधड दिवाळं निघालं. शेटजी लोक कसेबसे सावरले, शेतकऱ्याचं काय? चढ्या भावात शेतसारा वाढवून ठेवला होता सरकारने, तो उतरला नाही, सावकाराचा कागद उतरला नाही. दहा वर्षांनी पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्याची एक मुळी इथे येते बरं का. एकटी नव्हे पण एक. आम्ही कापूसवाले तिकडच्या बातम्या आजही उगाच नाही बघत.

अवांतर: पोरीला सांगायचंच तर हे पण सांगा की जोतिबांनी १८७३ मध्ये गुलामगिरी छापलं ते अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय. लिंकन जाऊन आठ वर्षं झाली होती.

कोपरखळी

तारखांचा मुद्दा मान्य, ती जुलै-ऑगस्टची भानगड मला माहिती नव्हती. हेबियस कॉर्पसवर मात्र ठाम आहे. नंतर १८६३ मध्ये काँग्रेसने कायदा करून दिला म्हणून आधीचं माफ होत नाही. चांगल्या माणसाने पाडलेली वाट वाईट माणूस पण वापरतो.

रात्रपाळी

यावर भांडणार नाही, बरोबर बोललात. पण हुकूमशहा म्हणाल तर एक गोष्ट सांगतो. १८६४ चा ऑगस्ट. लिंकनचे सेनापती, ग्रँट पीटर्सबर्गला अडकलेला, शर्मन अटलांटाबाहेर अडकलेला, माणसं हजारांनी पडतायत, पक्षातलेच लोक म्हणतायत तुम्ही हरणार. निवडणूक पुढे ढकलायला युद्धाचं निमित्त आयतं होतं. ढकलली नाही. २३ ऑगस्टला एका कागदावर लिहिलं की हे सरकार बहुधा परत येणार नाही, मग नव्या माणसाशी सहकार्य करून त्याने शपथ घ्यायच्या आत देश वाचवणं हे माझं कर्तव्य. कागदाची घडी केली, मंत्र्यांना म्हणाला न वाचता मागे सह्या करा. सगळ्यांनी केल्या. समोरचा उमेदवार कोण होता माहितीये? तोच, झोपायला गेलेला मॅक्लेलन!

२ सप्टेंबरला अटलांटा पडलं, वारं फिरलं, नोव्हेंबरात लिंकन २१२ विरुद्ध २१ इलेक्टोरल मतांनी (राज्यवार निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी) आला. मग मंत्र्यांसमोर ती घडी उघडून वाचली.

बाबांची_धावपळ

मंडळी, मघाशी स्टेशनवर उभा राहून सगळं वाचलं, एक लोकल सोडली. घरी जाऊन लेकीला मॅक्लेलनचा किस्सा सांगितला तर खो खो हसली, आणि न पाठवलेलं पत्र ऐकल्यावर म्हणाली, बाबा, म्हणजे खोटं पत्र फ्रेममध्ये आणि खरं पत्र पाकिटात. तिथूनच सुरुवात करणार आहे म्हणते. घडीच्या कागदावर न वाचता सह्या पण घेणार, वर्गातल्या चार पोरांकडून, स्टेजवरच.

मावशी, ३८ जणांचं घ्यायचं का यावर आमच्यात जुंपली. बायको म्हणते सातवीला कशाला. लेक म्हणते घेणार, त्याने नावं स्वतः लिहिली तेवढंच सांगणार. अजून ठरलं नाहीये.

रात्रपाळी, अजून एक छोटं, हलकं काही आहे का? पाच मिनिटात अर्धं मिनिट उरतंय.

रात्रपाळी

मनुकांचा किस्सा द्या. तारऑफिसात आलेल्या तारांच्या नकला एका ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या असायच्या, ताजी सगळ्यात वर. हा आला की वरून वाचत खाली जायचा आणि आधी वाचलेली लागली की म्हणायचा, चला, मनुकांपर्यंत पोचलो. कोणीतरी विचारलं हे काय, तर म्हणाला एका पोरीने वाढदिवसाला हावरटासारखं खाल्लं, सुरुवात केली मनुकांनी, आणि मग जे व्हायचं ते झालं, उलट्या थांबेनात, आईबाप घाबरले. शेवटी मनुका बाहेर पडलेल्या दिसल्यावर पोरगीच म्हणाली, आता भिऊ नका, मनुकांपर्यंत आलं, संपलं.

सातवीत हमखास चालेल. बाई काय म्हणतील ते बघा.